पूर्ण भूल की पाठीतली भूल? सीझरनंतरच्या फुप्फुसांबद्दलचे पेपर वाचताना



पेट झाली, मुलाखत झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, विषय काय घेऊ?" फिजिऑलॉजी, फार्मसी आणि नर्सिंगवाल्यांकडून हल्ली एक विषय वारंवार येतो. सीझरमध्ये दिलेल्या भुलेच्या प्रकाराचा नंतर फुप्फुसांवर काय परिणाम होतो? विषय चांगला आहे. आपल्या जळगाव-धुळ्यात तर घराघरात याच्यावर ठाम मतं असतात. एक मावशी सांगते, पाठीत सुई घेऊ नको, जन्मभर पाठ धरते. दुसरी सांगते, पूर्ण भूल घेतली की छातीत कफ भरतो. दोघींनाही आकडे विचारून उपयोग नाही. पण पेपर लिहिणाऱ्यांना आकडे विचारायलाच हवेत. आजच्या पोस्टमध्ये तेच करू.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. विज्ञानाची पदव्युत्तर, आता पीएच.डी. करते आहे. कुणाला कोणती भूल द्यायची हे भूलतज्ज्ञ ठरवतील. आपण फक्त एवढंच बघणार आहोत की या विषयावरचे गाजलेले पेपर नेमकं काय सिद्ध करतात आणि काय करत नाहीत.

आधी फुप्फुसांचं थोडं

नऊ महिने भरलेल्या बाईचा श्वासपटल गर्भाशयाने वर ढकललेला असतो. सहज श्वास सोडल्यावर फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती साधारण पाचव्या हिश्शाने कमी झालेली असते. ऑक्सिजनची गरज मात्र तेवढीच किंवा त्याहून जास्त वाढलेली असते. म्हणजे टाकी लहान आणि खर्च जास्त. श्वास थांबला तर हिचा ऑक्सिजन इतरांपेक्षा फार लवकर खाली येतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पूर्ण भुलेत घशातून नळी घालून श्वास मशीनकडे दिला जातो. स्नायू सैल पडतात आणि फुप्फुसांचा पाठीकडचा, खालचा भाग काही प्रमाणात मिटतो. १९८५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी सीटी स्कॅनवर दाखवलं की भूल दिल्यावर पाच मिनिटांतच असे मिटलेले पट्टे दिसू लागतात. भुलेआधी शुद्ध ऑक्सिजन दिला तर हे आणखी वाढतं, कारण ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि हवेची पिशवी रिकामी होते. सीझरमध्ये तो दिल्याशिवाय तर चालत नाही, कारण टाकी लहान आहे.

पाठीतल्या भुलेत, म्हणजे स्पायनलमध्ये, बाई जागी असते आणि श्वास स्वतःच घेते. पण सीझरसाठी बधिरपणा साधारण स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढवावा लागतो. त्यात बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू ढिले पडतात. श्वासपटलाची नस मानेतून निघते, म्हणून श्वास आत घेणं बऱ्यापैकी टिकतं. जोर लावून श्वास सोडणं आणि खोकणं मात्र कमजोर होतं. म्हणून स्पायनलनंतर स्पायरोमेट्री केली की आकडे घसरलेले दिसतात. स्थूल स्त्रियांमध्ये ही घसरण जास्त असते.

म्हणजे दोन्ही प्रकारांत फुप्फुसांचं काम काही काळ कमी होतं. फक्त कारणं वेगळी आहेत. "कुठली भूल फुप्फुसांना चांगली" हा प्रश्न त्यामुळे अर्धाच आहे. कधी, कोणासाठी आणि कुठल्या मापाने, हे जोडल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

पहिला पेपर: मेंडेल्सन, १९४६

या विषयाचं मूळ इथे आहे. न्यूयॉर्कच्या लायिंग-इन हॉस्पिटलमधल्या कर्टिस मेंडेल्सन यांनी १९३२ ते १९४५ मधल्या ४४,०१६ गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या. पोटातलं श्वासनळीत गेल्याच्या ६६ घटना त्यांना सापडल्या. म्हणजे ०.१५ टक्के, साधारण ६६७ मध्ये एक. दोघी दगावल्या, दोन्ही वेळा घन अन्न अडकून. जिथे आम्लयुक्त द्रव आत गेला होता, तिथे दम्यासारखं चित्र दिसलं. मग त्यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं की खरं नुकसान आम्ल करतं. आजही त्याला मेंडेल्सन सिंड्रोम म्हणतात.

पेपर सुंदर आहे. निरीक्षण, मग प्रयोग, मग उपाय, असा क्रम आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी वाचावा. पण आज तो "पूर्ण भूल धोकादायक" याचा पुरावा म्हणून वापरला जातो, तिथे थांबा. त्या काळी पूर्ण भूल म्हणजे तोंडावर मास्क धरून दिलेला वायू आणि ईथर. श्वासनळीत नळी नाही, फुगा नाही, घशावर दाब देण्याची सेलिकची पद्धत नाही. ती १९६१ मध्ये आली. मेंडेल्सन यांनी जे मोजलं तो उघड्या श्वासमार्गाचा धोका होता. नाव तेच राहिलं, प्रक्रिया बदलली.

वहीत लिहून ठेवा: तुलना करताना गटाचं नाव बघू नका, त्या गटाला प्रत्यक्षात काय दिलं गेलं ते बघा.

दुसरा पेपर: हॉकिन्स आणि सहकारी, १९९७

हा सर्वांत जास्त उद्धृत होणारा पेपर. अमेरिकेत १९७९ ते १९९० या काळात भुलेशी संबंधित किती माता दगावल्या, याचा हिशोब. सीझरमध्ये पूर्ण भुलेचा धोका स्थानिक भुलेच्या, म्हणजे स्पायनल-एपिड्युरलच्या, किती पट होता? १९७९-८४ मध्ये २.३ पट. १९८५-९० मध्ये १६.७ पट! हा १६.७ आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत, सेमिनारांत, स्लाइडवर, सगळीकडे गेला.

आता जरा पेन घ्या. पेपरमध्येच दर दिलेले आहेत, दहा लाख भुलांमागे मृत्यू:

पूर्ण भूल: आधी २०.०, नंतर ३२.३
स्थानिक भूल: आधी ८.६, नंतर १.९

पूर्ण भुलेचा दर वाढला सुमारे १.६ पट. स्थानिक भुलेचा दर घटला सुमारे ४.५ पट. दोन्हींचा गुणाकार ७.३ च्या आसपास येतो, आणि २.३ वरून १६.७ म्हणजे तेवढीच वाढ. म्हणजे गुणोत्तर फुगलं ते मुख्यतः छेद लहान झाला म्हणून. स्थानिक भूल या काळात खूपच सुरक्षित झाली. त्याचं एक मोठं कारण मानलं जातं ते म्हणजे ०.७५ टक्के तीव्रतेचं ब्युपिव्हाकेन. ते चुकून शिरेत गेल्यास हृदय बंद पडत होतं, म्हणून १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसूतीसाठी त्याचा वापर थांबवला गेला. स्लाइडवर फक्त १६.७ दिसतो तेव्हा ही गोष्ट दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, पूर्ण भूल सात पट वाईट झाली.

दुसरी अडचण छेदाचीच आहे. मृत्यू मोजलेले होते, पण देशभरात किती जणींना कुठली भूल दिली गेली ते सर्वेक्षणांवरून अंदाजलेलं होतं. अंदाज थोडा हलला तर दरही हलतो.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. पूर्ण भूल कोणाला मिळते? जिचा रक्तस्राव थांबत नाही, जिला झटके आलेत, जिच्या प्लेटलेट्स घसरल्यात, जिच्या बाळाचे ठोके पडलेत आणि स्पायनलला वेळच नाही, तिला. स्थानिक भूल जसजशी वाढत गेली, तसतशा पूर्ण भुलेच्या गटात अशाच स्त्रिया उरत गेल्या. मग मृत्यू भुलेमुळे की जिच्यामुळे ती भूल द्यावी लागली त्या आजारामुळे? याला आपण कन्फाउंडिंग म्हणतो, आणि त्यातही हा सर्वांत चिवट प्रकार: उपचाराचं कारणच निकालाचं कारण असतं. आयसीयूत जास्त लोक दगावतात म्हणून कोणी आयसीयू बंद करा म्हणत नाही ना?

याच गटाने २०११ मध्ये पुढचा पेपर दिला. १९९७-२००२ साठी पूर्ण भूल ६.५, स्थानिक ३.८. गुणोत्तर १.७, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६ ते ४.६. त्यात १ येतो, म्हणजे फरक आहे असं खात्रीने म्हणता येत नाही. मधल्या काळात पल्स ऑक्सिमीटर, कार्बन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर, अवघड श्वासमार्गासाठीची साधनं आणि पद्धती आल्या. पूर्ण भुलेतल्या मृत्यूंचं मोठं कारण श्वासमार्ग हातातून जाणं हे होतं, आणि तेच आटोक्यात आलं. स्थानिक भुलेचा दर मात्र १.९ वरून ३.८ झाला. कदाचित आता तिथेही जास्त आजारी स्त्रिया येऊ लागल्या.

१९९७ चा पेपर वाईट आहे का? अजिबात नाही. एवढ्या दुर्मिळ घटनेसाठी राष्ट्रीय नोंदींशिवाय मार्ग नव्हता. माझी तक्रार वाचकांबद्दल आहे. १६.७ सांगणारे खूप भेटतात, १.७ सांगणारे कमी. सिनॉप्सिसमध्ये पहिला पेपर टाकणार असाल तर दुसराही टाका. नाहीतर ते अर्धसत्य होईल.

तिसरा: कॉक्रेन आढावा

मग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास बघू, तिथे कन्फाउंडिंगचा प्रश्न सुटतो. अफोलाबी आणि लेसी यांच्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात २२ अभ्यासांतल्या १,७९३ स्त्रियांची माहिती आहे. निष्कर्ष असा की आई किंवा बाळाच्या मोठ्या परिणामांत स्थानिक भूल पूर्ण भुलेपेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळत नाही.

खूप विद्यार्थी इथे लिहितात: "दोन्ही भुला सारख्याच सुरक्षित आहेत." हे वाक्य खोडा. हॉकिन्सचा सर्वांत वाईट दर, दहा लाखांत ३२.३, घ्या आणि १,७९३ ने गुणा. अपेक्षित मृत्यू येतात ०.०६. म्हणजे खरोखर मोठा फरक असता तरी या अभ्यासांना तो दिसण्याची शक्यता जवळपास शून्य होती. जाळ्याची भोकं एवढी मोठी की मासा अडकणारच नाही. जाळं रिकामं आलं म्हणून नदीत मासा नाही असं कसं म्हणणार?

इथे एक सोपा नियम शिकून ठेवा, तीनचा नियम. अमुक इतक्या लोकांत घटना एकदाही घडली नाही, तर खरा धोका जास्तीत जास्त तीन भागिले ती संख्या एवढा असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत दोन गटांत ३०-३० असतात. ३० जणींत एकीलाही न्यूमोनिया झाला नाही, तर खरा धोका दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो! "कोणतीही फुप्फुसांची गुंतागुंत आढळली नाही, म्हणून सुरक्षित" हे वाक्य ३० जणींवर उभं राहत नाही.

स्पायरोमेट्री कधी केली?

मोठ्या घटना दुर्मिळ, म्हणून संशोधक मोजायला सोप्या गोष्टींकडे वळतात: स्पायरोमेट्री, पल्स ऑक्सिमीटर, हल्ली फुप्फुसांचा अल्ट्रासाउंड. लहान अभ्यासासाठी हा मार्ग योग्यच आहे. पण प्रत्येक मापाला खोड आहे.

पहिलं म्हणजे वेळ. ऑपरेशननंतर दोन तासांनी फुंकायला लावलं तर स्पायनलवालीचे पोटाचे स्नायू अजून पूर्ण जागे नसतील, पण तिला दुखतही नसेल. पूर्ण भूलवालीचे स्नायू परत आले, पण टाक्यांमुळे ती दीर्घ श्वास घ्यायलाच घाबरते. म्हणजे एकीत आपण औषध मोजतो, दुसरीत वेदना. सहा तासांनी चित्र बदलेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलेल. ज्या पेपरमध्ये एकाच वेळचं माप आहे, त्याचा निष्कर्ष त्या वेळेपुरताच घ्या. वेदनाशामक दोन्ही गटांना सारखं दिलं होतं का, तेही शोधा.

दुसरं, अल्ट्रासाउंड. फुप्फुसात पाणी वाढलं की पडद्यावर उभ्या रेषा दिसतात. पण स्पायनलने रक्तदाब घसरतो, म्हणून शिरेतून सलाइन जास्त जाऊ शकतं. प्रीएक्लॅम्प्सियात तर फुप्फुसात पाणी होण्याची प्रवृत्ती मुळातच असते. मग दिसणाऱ्या रेषा भुलेच्या, सलाइनच्या की आजाराच्या? किती सलाइन दिलं याची नोंद नसलेला पेपर याचं उत्तर देऊ शकत नाही. शिवाय चित्र वाचणाऱ्याला गट माहीत होता का? बाईपासून भूल लपवता येत नाही, चित्र वाचणाऱ्यापासून लपवता येते. तेवढं तरी केलेलं असावं.

तिसरं, ऑक्सिमीटर. तो रक्त किती टक्के भरलंय ते सांगतो, भांडं केवढं आहे ते नाही. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईच्या १०० मिली रक्तात ९८ टक्क्यांवर सुमारे १५.८ मिली ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ७ असेल तर त्याच ९८ टक्क्यांवर ९.२ मिली. मशीनवर दोघी सारख्याच.

आणि आपल्याकडची बाई कुठे आहे?

आता खरा मुद्दा. अशा बहुतेक अभ्यासांत प्रवेशाची अट असते: निरोगी, एकच बाळ, आधी ठरवलेलं सीझर. तीव्र अ‍ॅनिमिया, प्रीएक्लॅम्प्सिया, सिकलसेल, तातडीचं सीझर, सगळं वगळलेलं. पद्धत म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त महिला अ‍ॅनिमिक आहेत, आणि साधारण चारातलं एक बाळंतपण सीझरने होतं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्यापासून शिरपूर आणि पुढे नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावपर्यंत, भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आढळतो. सिकलसेल असलेल्या बाईत ऑपरेशननंतर फुप्फुसं हाच मोठा धोका असतो. ऑक्सिजन कमी पडला, अंग थंड पडलं, पाणी कमी झालं की पेशी वाकड्या होतात, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या तुंबतात. भुलेचा प्रकार आणि फुप्फुसं हा प्रश्न जिच्यासाठी सर्वांत जास्त महत्त्वाचा, तीच अभ्यासाच्या दाराबाहेर राहते.

हीच बाई रात्री १०८ च्या गाडीतून धुळ्याला किंवा जळगावला पोहोचते, तेव्हा तिच्याबद्दलचा निर्णय तिला वगळून काढलेल्या आकड्यांवर घ्यावा लागतो.

गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांवरचा २०१६ चा लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधला आढावा इथे वाचण्यासारखा आहे. भुलेमुळे होणाऱ्या मृत्यूच्या धोक्यासाठी त्यात ४४ अभ्यास, ६,३२,५५६ गरोदरपणं आहेत. सीझरनंतरच्या मृत्यूंपैकी १३.८ टक्के भुलेशी संबंधित, आणि पूर्ण भुलेत आईच्या मृत्यूची शक्यता स्थानिक भुलेच्या तिप्पट. इथेही कन्फाउंडिंग आहेच. पण एक गोष्ट जास्त बोलकी आहे: भूल डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने दिली तिथे मृत्यूदर जास्त होता. म्हणजे कुठली भूल याइतकंच कोण देतंय आणि कुठल्या साधनांनी, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे भूलतज्ज्ञांची उणीव भरायला एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं जीवरक्षक भूल कौशल्याचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आली, ती याच कारणाने.

मग म्हणायचं काय?

पुराव्यावर उभं राहून एवढं म्हणता येतं: ठरवून केलेल्या सीझरमध्ये, निरोगी बाईसाठी स्पायनलला पहिली पसंती देण्यामागे भक्कम कारणं आहेत. श्वासमार्गाला हात लावावा लागत नाही, पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो, आई जागी असते. पण "पूर्ण भुलेने फुप्फुसं खराब होतात" हे या पेपरांतून सिद्ध होत नाही. आणि हे वाक्य नुसतं चूक नाही, घातकही आहे. रक्तस्राव चालू असताना नातेवाईक "पूर्ण भूल नको" म्हणून सहीला अडून बसले, तर जाणारी मिनिटं त्या बाईची असतात.

हा विषय घेणारच असाल तर माझी सूचना अशी. मृत्यू किंवा न्यूमोनिया मोजायला जाऊ नका, ३०-३० मध्ये ते जमणार नाही. ऑपरेशनआधी, सहा तासांनी आणि चोवीस तासांनी, एकाच स्थितीत बसवून स्पायरोमेट्री करा. सलाइन, वेदनाशामक, हिमोग्लोबिन आणि तातडी यांची नोंद ठेवा. अ‍ॅनिमिक स्त्रियांना वगळू नका, त्यांचा वेगळा गट करा. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय असो की जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथल्या भूलशास्त्र विभागाशी आणि नीतिसमितीशी बोलल्याशिवाय सिनॉप्सिस लिहू नका. आणि चिठ्ठी टाकून पूर्ण भूल देण्याचा विचार करत असाल तर आधी स्वतःला विचारा: जिला स्पायनल सहज देता येते तिला ती नाकारायचं कारण आपल्याकडे आहे का? बहुतेक वेळा नसेल. मग निरीक्षणात्मक अभ्यास करा आणि त्याच्या मर्यादा पहिल्याच पानावर लिहा.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा एक गुणोत्तराचा आकडा घ्या. त्याचा अंश आणि छेद वेगवेगळे शोधा, आणि त्याच लेखकांनी पुढे काही लिहिलंय का ते बघा. जे सापडेल ते कमेंटमध्ये टाका, पुढच्या पोस्टमध्ये मिळून वाचू.